बिनतारी जागल्यांची झोप

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात मेन नावाचे राज्य आहे. त्याच्या किनाऱ्यालगत अटलांटिक महासागरात ग्रेट डक नावाचे एक लहानसे बेट असून, लीचचे पेट्रेल या नावाने ओळखले जाणारे काळसर समुद्रपक्षी तेथे मोठ्या संख्येने विणीसाठी येतात. हा पक्षी जमिनीत बीळ करून राहतो आणि बिळात एकच अंडे घालतो. त्याची ये-जा चालते ती रात्रीच्या अंधारात. दिवसा बेटावर हिंडणाऱ्याच्या तो दृष्टीसही पडत नाही. बरे, बिळाशी जाऊन पाहावे म्हटले, तर उबवणीच्या पहिल्या दोन आठवड्यांत कोणी छेडले असता तो अंडे टाकून बीळ सोडून जाण्याचा संभव असतो. पाहणाऱ्याच्या पाहण्यानेच पाहावयाची वस्तू नाहीशी व्हावी, असा हा पेच होता.

२००२ सालच्या उन्हाळ्यात या पेचातून एक वाट काढण्यात आली. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ, इंटेल कंपनीची तेथील संशोधनशाळा आणि मेनमधील कॉलेज ऑफ द अटलांटिक यांनी मिळून ३२ लहान उपकरणे बिळांतून व बिळांच्या आसपास ठेविली. प्रत्येक उपकरण दोन पेन्सिल सेलांच्या जोडीएवढे. त्यात उष्णतामान, आर्द्रता, प्रकाश इत्यादींची नोंद घेणारे संवेदक, हिशेब करणारा एक इवलासा संगणक आणि निरोप धाडणारा व घेणारा बिनतारी संच, एवढी सारी सामग्री बसविलेली होती. अशा उपकरणांच्या समूहाला बिनतारी संवेदकांचे जाळे असे म्हणतात, आणि जाळ्यातील एकेका उपकरणाला सोयीसाठी ठाणे म्हणावयास हरकत नाही. ठाण्यांनी आपल्या नोंदी मुख्य ठाण्याकडे धाडावयाच्या आणि तेथून त्या दूरच्या प्रयोगशाळेत जावयाच्या, अशी ही व्यवस्था होती.

यंत्रे मिळाली, संवेदक मिळाले. अडचण राहिली ती विजेची. सेल संपले म्हणून ते बदलण्यास कोणी बिळापाशी जाऊ लागला, तर ज्या उपद्रवाच्या भीतीने हा सारा खटाटोप केला तोच उपद्रव पुन्हा सुरू व्हावयाचा. म्हणून दोन सेलांवर नऊ महिने काढावयाचे असे ठरविण्यात आले. एक मिलिअँपिअर इतका प्रवाह तासभर वाहिला असता जेवढी वीज खर्ची पडते तिला एक मिलिअँपिअर-तास म्हणतात. दोन सेलांतून असे २,२०० मिलिअँपिअर-तास हाती येतील असे धरले, तर नऊ महिन्यांतील प्रत्येक दिवसाच्या वाट्याला आठांहून किंचित अधिक येतात. तुटपुंज्या पगारात महिना निभावणाऱ्या गृहस्थाला हा हिशेब नवा नाही.

नवी होती ती खर्चाची बाजू. त्या उपकरणातून एक निरोप धाडण्यास एका मिलिअँपिअर-तासाचा पन्नास हजारावा भाग पुरत असे. दिवसाचा सारा शिधा केवळ निरोप धाडण्यात उधळावयाचा म्हटला, तरी सुमारे चार लाख निरोप जाऊ शकले असते. आणि इतके सांगण्यासारखे त्या बिळात काय घडणार? परंतु कोणी काही बोलत नसतानाही, बोलेल या आशेने बिनतारी संच नुसता कान उघडा ठेवून बसला, तर एका निरोपाला लागणारी वीज १६ मिलिसेकंदांत, म्हणजे डोळ्याची पापणी लवण्याच्या आत, संपून जाई. दिवसभर असे ऐकत राहिल्यास १०८ मिलिअँपिअर-तास खर्च व्हावयाचे. रोजच्या शिध्याच्या हे तेरा पट झाले. नऊ महिन्यांची बेगमी विसाव्या दिवशी संपावी, आणि तीही एक शब्द न बोलता!

सामान्य माणसाला हे उफराटे वाटते. बोलण्यास श्रम पडतात, ऐकण्यास पडत नाहीत, असा त्याचा अनुभव असतो. मोठ्या नभोवाणी केंद्राच्या बाबतीत तो खराही आहे. तेथील प्रक्षेपक अनेक किलोवॅट वीज खातो आणि श्रोत्याच्या घरचा ट्रान्झिस्टर दोन-चार सेलांवर महिना काढतो. परंतु ज्या ठाण्यांना शे-पन्नास मीटरच बोलावयाचे आहे, त्यांच्या आवाजाची शक्ती वॅटच्या हजाराव्या भागाच्या आसपास असते. वीज खर्च होते ती आवाजात नव्हे, तर संचातील मंडले चालू ठेवण्यात. आणि क्षीण लहरी पकडून, गाळून, वाढवून त्यांचा अर्थ लावणारी ग्रहणाची मंडले ही प्रक्षेपणाच्या मंडलांहून कमी खादाड नसतात. पुढील पिढीत सीसी-२४२० या नावाची जी चिप सर्वत्र वापरात आली, तिला पूर्ण शक्तीने बोलताना १७.४ मिलिअँपिअर आणि ऐकताना १८.८ मिलिअँपिअर प्रवाह लागतो. ऐकणे हे बोलण्याहून महाग ठरले. गेल्या पाव शतकात या जाळ्यांतील वीज वाचविण्याचे जे जे प्रयत्न झाले, त्यांतील बहुतेकांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

ग्रेट डक बेटावर पहिल्या वर्षी यावर साधा उपाय योजला होता. ठाण्यांनी ऐकावयाचेच नाही. ठरावीक वेळी जागे व्हावे, नोंद घ्यावी, ती मुख्य ठाण्याच्या दिशेने पुकारावी आणि पुन्हा झोपी जावे. निरोप पोचला की नाही याची चौकशीही नको. काटकसरीच्या दृष्टीने याहून चांगली पद्धत सुचणे कठीण आहे. पण ती चालते ती प्रत्येक ठाण्याचा आवाज मुख्य ठाण्यापर्यंत थेट पोचत असेल तोवरच.

आवाज फार दूर पोचत नाही. मोकळ्या जागेत बिनतारी लहरींची शक्ती अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे दुप्पट अंतराला चौपट शक्ती लागते. जमिनीलगत, झाडाझुडपांतून आणि खडकांतून ती याहूनही झपाट्याने, जवळजवळ चौथ्या घाताच्या प्रमाणात, घटते. अशा वेळी हरकाऱ्यांच्या डाकेची जुनी युक्ती उपयोगी पडते. एकाच माणसाने सारी वाट धावण्याऐवजी टप्प्याटप्प्यावर माणसे ठेवावी आणि थैली हातोहात पुढे जावी. शंभर मीटरांची एक हाक मारण्याऐवजी दहा-दहा मीटरांच्या दहा हाका मारल्या, तर वर्गाच्या नियमाने प्रत्येक हाकेला शंभरावा भाग शक्ती लागते आणि दहा हाकांची बेरीज मूळच्या दशांशाएवढीच होते. टप्प्याटप्प्याच्या जाळ्याचा हा लाभ पुष्कळ ठिकाणी मोठ्या उत्साहाने सांगितला जातो. सांगणाऱ्यांच्या ध्यानातून एक गोष्ट मात्र निसटते. टप्प्यावरच्या हरकाऱ्याला मागून येणाऱ्या थैलीची वाट पाहत उभे राहावे लागते. जे ठाणे दुसऱ्याचा निरोप पुढे नेणार, त्याला ऐकणे आले. आणि ऐकणे म्हणजे काय खर्च, ते वर आलेच आहे. आवाजात वाचविलेला पैसा कानाने उधळला जातो.

२००३ साली त्याच बेटावर टप्प्याटप्प्याने निरोप नेणारे जाळेही मांडण्यात आले, तेव्हा या गोष्टीचा प्रत्यय आला. थेट बोलणाऱ्या ठाण्यांपेक्षा टप्प्यांच्या जाळ्यातील ठाण्यांचे सेल लवकर संपले. या जाळ्यातील ठाणी सतत ऐकत नव्हती. बराच वेळ झोपून मधूनमधून कान देत होती. तरीही शेजाऱ्यांचे निरोप त्यांच्या कानी पडत. आपल्यासाठी नसलेला प्रत्येक निरोप ऐकून घ्यावयाचा आणि मग टाकून द्यावयाचा! शेजाऱ्याच्या नावचे पत्र फोडून वाचावे, आपले नाही असे पाहून बाजूस ठेवावे, आणि त्या प्रत्येक पत्राचे हशील मात्र आपण भरावे, तसा हा प्रकार होता.

तेव्हा प्रश्न असा उरतो की, न ऐकता ऐकावे कसे? जुन्या गावगाड्यात रात्रीच्या राखणीला जागल्या असे. जागल्याने झोपू नये एवढीच गावाची अपेक्षा. या नव्या जागल्यांकडून शास्त्रज्ञांना नेमके उलटे हवे आहे. त्यांनी शंभरातील नव्याण्णव भाग वेळ गाढ झोपावे, आणि तरीही कोणाची हाक चुकू नये.

हे साधण्याचा एक मार्ग म्हणजे शेजाऱ्याशेजाऱ्यांनी वेळ ठरवून घ्यावी. २००२ साली वेई ये, जॉन हायडेमन आणि डेबोरा एस्ट्रिन यांनी अशी एक पद्धत मांडली. शेजारची ठाणी एकाच वेळी जागी होतात, देणेघेणे उरकतात आणि एकाच वेळी झोपतात. यात दोष आहे तो विलंबाचा. एका टप्प्यावर पोचलेला निरोप पुढच्याच्या जागण्याची वाट पाहत थांबतो. झोप एकेका सेकंदाची असेल आणि टप्पे दहा असतील, तर निरोपाला दहा सेकंदही लागू शकतात. शिवाय घड्याळे जुळवून ठेवावी लागतात. स्वस्त स्फटिकाचे घड्याळ सेकंदामागे वीस दशलक्षांश इतके चुकले तरी दिवसाकाठी पावणेदोन सेकंदांचा फरक पडतो, आणि ज्यांचे जागणे मिलिसेकंदांत मोजावयाचे त्यांना पावणेदोन सेकंद म्हणजे युग झाले.

दुसरा मार्ग बर्कलीच्या जोसेफ पोलास्ट्रे, जेसन हिल आणि डेव्हिड कलर यांनी २००४ साली शास्त्रशुद्ध रीतीने मांडला. येथे कोणी कोणाची वेळ पाळावयाची नाही. प्रत्येक ठाण्याने आपल्या सवडीने क्षणभर कान उघडावा, हवेत काही चाहूल आहे का एवढेच पाहावे, आणि नसल्यास पुन्हा झोपावे. ज्याला निरोप धाडावयाचा आहे त्याने मात्र निरोपाआधी एक लांबलचक नांदी म्हणावी. ती इतकी लांब असावी की ऐकणाऱ्याचा कान उघडण्याचा क्षण तीत कोठे तरी येईलच. खर्चाचा बोजा असा ऐकणाऱ्याकडून बोलणाऱ्याकडे ढकलला जातो, आणि बोलण्याचे प्रसंग थोडे असल्याने एकंदरीत तो सोसवतो. दोष येथेही आहे. नांदी ऐकून आजूबाजूचे सारेच जागे होतात, आणि ती संपेपर्यंत, निरोप कोणाचा हे कळेपर्यंत, कान देऊन बसतात. म्हणून २००६ साली निघालेल्या एका सुधारणेत नांदीचे तुकडे करून प्रत्येक तुकड्यात निरोप कोणासाठी आहे ते नाव घालण्यात आले. नाव आपले नसेल त्याने तत्काळ झोपावे. ज्याचे असेल त्याने दोन तुकड्यांच्या मधल्या फटीत ‘आलो’ म्हणावे, म्हणजे उरलेली नांदी वाचते. युक्ती साधी आहे, परंतु शेजाऱ्याच्या पत्रांचे हशील तिने बरेच उतरविले.

या झोपेने किती साधते, याचा हिशेब सोपा आहे. सीसी-२४२० सारखा संच अखंड ऐकत राहिला, तर २,५०० मिलिअँपिअर-तासांचे सेल साडेपाच दिवसांत संपतात. तोच शंभरातील एक भाग वेळ जागा राहिला, तर झोपेतील बारीक खर्च धरूनही तेच सेल सुमारे दीड वर्ष पुरावेत.

एवढ्याने सारे भागते असे मात्र नाही. झोपेची वाटणी सर्वांना सारखी करता येत नाही, कारण कामाची वाटणीच सारखी नसते. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर २००६ साली पुलाची कंपने मोजण्यासाठी ६४ ठाणी बसविण्यात आली होती. पूल लांबट असल्याने निरोपांचा मार्ग जवळजवळ एकाच रांगेत जाई, आणि सर्वांत दूरच्या ठाण्याचा निरोप ४६ टप्पे करून मुख्य ठाण्याशी पोचे. अशा रांगेत शेवटच्या ठाण्याला आपल्यापुरतेच बोलावे लागते. मुख्य ठाण्यालगतच्या ठाण्याला मात्र आपला निरोप आणि मागच्या सर्वांचे निरोप पुढे न्यावे लागतात. सर्वांना सारखेच सेल दिले, तर हे जवळचे ठाणे सर्वांआधी संपणार हे उघड आहे. ते संपले म्हणजे मागच्यांच्या सेलांत वीज शिल्लक असूनही त्यांचा आवाज कोठेच पोचत नाही. वेशीवरचा एक हरकारा पडावा आणि गावोगावच्या थैल्या जागच्या जागी कुजाव्यात, तशी स्थिती होते.

मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्यासंस्थेतील वेंडी हाइनझेलमन, अनंत चंद्रकासन आणि हरि बालकृष्णन यांनी २००० साली सुचविलेला उपाय पाळीचा आहे. यांपैकी बालकृष्णन यांचा जन्म नागपूरचा. जवळजवळच्या ठाण्यांचे गट करावे. गटातील एकाने मुकादम व्हावे, बाकीच्यांच्या नोंदी गोळा कराव्या, त्यांचा सारांश काढावा आणि तेवढाच पुढे धाडावा. मुकादमी ही चैनीची नव्हे, झिजण्याची जागा असल्याने ती एकाकडे कायम न ठेवता आळीपाळीने फिरवावी. ही कल्पना फार गाजली आणि तिच्यावर आधारलेल्या लेखांची गणती करणे कठीण आहे. परंतु मूळ मांडणीत कोणतेही ठाणे मुख्य ठाण्याशी थेट बोलू शकते असे गृहीत धरलेले होते. डोंगराच्या घळीत किंवा दाट रानात हे गृहीत टिकत नाही, आणि त्यामुळे कागदावर दीर्घायुषी ठरलेली पुष्कळशी जाळी रानात गेल्यावर अल्पायुषी निघाली.

त्यातील सारांशाचा भाग मात्र सर्वत्र टिकला. संगणकाला शेकडो आज्ञा पार पाडण्यास जी वीज लागते, ती एका अक्षराचा अंशही हवेतून धाडताना खर्च होते. उष्णतामान तासाभरात बदलले नसेल, तर ‘बदलले नाही’ हेसुद्धा सांगू नये. दहा शेजाऱ्यांपैकी सर्वांत अधिक ओल कोठे आहे एवढेच हवे असेल, तर दहा आकडे पुढे न्यावयाचे कारण नाही.

भारतात या विषयाकडे थोड्या निराळ्या दृष्टीने पाहिले गेले. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत कामेश्वरी चेब्रोलू, भास्करन् रामन् आणि त्यांचे सहकारी यांनी २००८ साली रेल्वेच्या पुलांसाठी एक योजना मांडली. पुलाची कंपने मोजावयाची ती गाडी जाताना. एरवी पूल मोजण्यात काही अर्थ नाही. मग ठाण्यांनी उरलेला वेळ जागावे कशाला? येणाऱ्या गाडीवरच एक बिनतारी संच ठेवावा, त्याची चाहूल लागताच पुलावरची ठाणी जागी व्हावीत, आणि जमविलेल्या नोंदीही पुलावरून जाणाऱ्या गाडीच्याच स्वाधीन कराव्यात. शिवाय साऱ्या पुलाचे एकच लांब जाळे न करता गाळ्यागाळ्याचे वेगळे लहान जाळे करावे, म्हणजे टप्पे थोडे होतात आणि मुख्य ठाण्यालगतच्या ठाण्यावरचा भार हलका होतो. झोप केव्हा मोडावी हे येथे वेळापत्रकाने ठरत नाही, ज्या घटनेसाठी जागावयाचे ती घटनाच येऊन जागे करते. आमच्याकडील पुलांची संख्या आणि माणसांची चणचण ध्यानात घेता ही सूचना विशेष व्यवहारी होती.

सर्वच घटना रेल्वेगाडीसारख्या आगाऊ वर्दी देऊन येत नाहीत. केरळातील इडुक्की जिल्ह्यात मुन्नार येथे अँथोनियार कॉलनी नावाची वस्ती डोंगराच्या उताराशी आहे. २००५ साली तेथे दरड कोसळली होती. अमृता विश्वविद्यापीठाने पुढे त्या उतारावर विवरे खोदून त्यांत मातीतील पाण्याचा दाब, ओल, जमिनीचे कलणे आणि हालचाल मोजणारे संवेदक पुरले, आणि त्यांच्या नोंदी बिनतारी टप्प्यांनी डोंगरावरच्या केंद्रात व तेथून उपग्रहाच्या द्वारे सुमारे तीनशे किलोमीटरांवरील अमृतपुरीस नेण्याची व्यवस्था केली. २००९ सालच्या जुलैमध्ये अतिवृष्टी झाली, तेव्हा या जाळ्यावरून वस्तीला इशारा देण्यात आला.

पेट्रेलच्या बिळातील ठाणे आठवडाभर मुके झाले, तर एका शोधनिबंधातील आलेख तुटतो. मुन्नारचे ठाणे एका रात्री मुके झाले, तर त्याचा अर्थ निराळा होतो. पुणे जिल्ह्यात माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी सकाळी डोंगर आला आणि सुमारे दीडशे माणसे गेली. अशा ठिकाणी ‘शंभरातील नव्याण्णव भाग झोप’ हे शब्द उच्चारतानाही माणूस अडखळतो. आणि विजेची टंचाई नेमकी याच दिवसांत असते. उन्हावर भरणाऱ्या बॅटऱ्या लावल्या तरी आषाढ-श्रावणात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. जागण्याची गरज आणि जागण्याचे साधन ही परस्परांच्या उलट दिशेने जातात.

मुन्नारच्या योजनेत यावर जो तोडगा आहे तो पावसालाच चौकीदार करण्याचा. कोरड्या दिवसांत ठाण्यांनी क्वचित नोंद घ्यावी आणि क्वचित बोलावे. पाऊस एका मर्यादेपलीकडे गेला की नोंदी वाढवाव्यात. मातीतील पाण्याचा दाब चढू लागला की आणखी वाढवाव्यात. जमीन हलू लागली की काटकसर सोडून द्यावी. कोरड्या ऋतूत वाचविलेली वीज अशा रीतीने चार वाईट रात्रींसाठी राखून ठेवलेली असते.

अडचण उरते ती त्या मर्यादांची. किती पावसाला ठाणे जागे करावे, हा आकडा प्रत्येक उताराचा वेगळा असतो. मातीची जाडी, खालचा खडक, वर तोडलेली झाडे, उताराच्या पायथ्याशी रस्त्यासाठी केलेली खोदाई, या साऱ्यांवर तो अवलंबून राहतो. मुन्नारचा आकडा सह्याद्रीतील एखाद्या वाडीच्या उपयोगी पडत नाही. त्या वाडीच्या उतारावर दोन-चार पावसाळे संवेदक ठेवून तो काढावा लागतो. मर्यादा फार खाली धरली, तर ठाणी प्रत्येक सरीला उठून बसतात आणि गौरी-गणपतीच्या आतच सेल आटतात. फार वर धरली, तर ती उठेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून जेथे असा आकडा अद्याप हाती आलेला नाही, तेथे पहिली काही वर्षे ठाण्यांना पावसाळाभर जवळजवळ जागेच ठेवावे लागते, मुख्य ठाण्यालगतच्या ठाण्यांना दुप्पट-तिप्पट बॅटऱ्या द्याव्या लागतात, आणि मे महिन्याच्या अखेरीस कोणी तरी डोंगर चढून त्या बदलून यावे लागते.